वायरलेस व्हीआर हेडसेट लॅपटॉपला जोडताना अडतं कुठे

गेल्या चतुर्थीला भाऊ दुबईहून मेटाचा क्वेस्ट ३, म्हणजे डोळ्यांवर लावायचा व्हीआर हेडसेट, घेऊन आला आणि आमच्या फोंड्याच्या घरात सगळी पोरं हॉलमध्ये जमली. लॅपटॉप गेमिंगचाच, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डवाला, म्हणजे अडायचं काही कारणच नव्हतं. पण हेडसेट लावून दोन मिनिटं झाली की चित्र फाटायचं, चौकोन चौकोन दिसायचे, आणि धाकट्या भाच्याला तर गरगरून मळमळायलाच लागलं. तीन दिवस आम्ही गेमची सेटिंग कमी करत बसलो, दोष तिथे नव्हताच. त्यानंतर ओळखीतल्या पाच-सहा जणांना सेटअप लावून दिला, प्रत्येकाकडे थोड्याफार फरकाने तेच घोळ, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय.

आधी हे डोक्यात बसवा की गेम लॅपटॉपवर चालतो, लॅपटॉप त्याचा व्हिडिओ बनवून राउटरला देतो आणि राउटर तो हवेतून हेडसेटला पाठवतो. यात तुमच्या इंटरनेट प्लॅनचा काही संबंध नाही, त्यामुळे प्लॅन वाढवून पैसे घालवू नका. आता लॅपटॉपही वायफायवरच असेल तर तोच डेटा एकदा लॅपटॉपकडून राउटरकडे आणि परत राउटरकडून हेडसेटकडे असा दोनदा हवेतून जातो, दोघंही एकाच चॅनलवर आपापली पाळी बघत थांबतात आणि अडकणं सुरू होतं. म्हणून लॅपटॉप ते राउटर वायरच टाका, हेडसेट तेवढा वायरलेस राहू दे.

इथे लॅपटॉपवाल्यांची पहिली अडचण येते, हल्लीच्या पातळ लॅपटॉपला लॅन पोर्टच, म्हणजे नेटची वायर लावायची जागाच, नसते. मग यूएसबी ते लॅन अडॅप्टर घ्यायचा, पण बॉक्सवर गिगाबिट आणि यूएसबी ३ लिहिलेलं बघूनच. स्वस्तातले यूएसबी २ चे अडॅप्टर बरेचदा १०० एमबीपीएसवरच थांबतात आणि एअर लिंक, म्हणजे क्वेस्टला वायरशिवाय लॅपटॉपशी जोडायची सोय, तिचा बिटरेट (दर सेकंदाला जाणारा डेटा) २०० एमबीपीएसपर्यंत जातो, मग चित्र फाटणारच ना. लावल्यावर विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, मग इथरनेट असं जाऊन लिंक स्पीड बघा, १०००/१००० दिसायला पाहिजे.

आमच्याकडे अडॅप्टर चांगला होता तरी १००/१०० च दिसत होतं. शेवटी केबल काढून तिचं टोक मोबाईलच्या टॉर्चखाली धरलं तर आठपैकी दोन पिनांवर हिरवट गंज चढलेला, पावसाळाभर खिडकीजवळ लटकत होती ती. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, म्हणून केबल बंद पडत नाही, गपचूप हळू होते आणि आपण हेडसेटला दोष देत बसतो. नवी कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल टाकली आणि निम्मा त्रास तिथेच संपला.

उरलेला निम्मा भिंतीचा. आपल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती जाड, ५ गिगाहर्ट्झचा वायफाय सिग्नल त्यातून पार होता होता जीव सोडतो. आमचा राउटर बाहेर बाल्कांवाला (ओसरीला) लागून होता आणि खेळणं आतल्या खोलीत. ज्या खोलीत खेळायचं त्याच खोलीत राउटर पाहिजे, हे मी अगदी ठासून सांगेन. मुख्य राउटर हलवता येत नसेल तर दुसरा वायफाय ६ चा राउटर फक्त व्हीआरसाठी त्या खोलीत ठेवा, त्यात इंटरनेट मुख्य राउटरकडून केबलने आणा. हेडसेटसाठी ५ गिगाहर्ट्झच्या वायफायला वेगळं नाव द्या, घरातले मोबाईल आणि टीव्ही त्यावर घेऊ नका. चॅनल ऑटोवर ठेवू नका, ३६ ते ४८ मधला किंवा १४९ च्या पुढचा निवडा. मधल्या चॅनलवर रडारचा सिग्नल सापडला की राउटरला चॅनल सोडून जावंच लागतं, मग खेळता खेळता एकदम सगळं तुटतं आणि कारण कळत नाही. क्वेस्ट ३ ला ६ गिगाहर्ट्झही चालतं पण त्याच्या मागे लागायची गरज नाही, एकाच खोलीत ५ वर छान चालतं.

आता लॅपटॉप स्वतः. त्यात दोन ग्राफिक्स असतात, प्रोसेसरमधलं साधं आणि वेगळं मोठं, आणि विंडोज कधीकधी साध्यावरच काम ढकलतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स उघडून गेम, स्टीमव्हीआर (लॅपटॉपवर व्हीआर गेम चालवणारं सॉफ्टवेअर) आणि हेडसेटला चित्र पाठवणारं स्ट्रीमिंगचं ॲप तिन्ही हाय परफॉर्मन्सवर टाका. चार्जर लावलेलाच पाहिजे, बॅटरीवर ग्राफिक्स कार्डला पुरेशी पॉवर मिळत नाही. पावसात लाईट गेली आणि इन्व्हर्टरवर नुसता राउटर असेल तर नेट चालू दिसतं पण लॅपटॉप बॅटरीवर आलेला असतो, तेव्हा हेडसेट काढून ठेवलेलाच बरा.

ॲक्सेसरी घेताना तर जास्तच जपा. एचटीसीच्या व्हाइव्ह हेडसेटचा जुना वायरलेस अडॅप्टर, २०१८ चा, सेकंडहँडमध्ये स्वस्त दिसला म्हणून मडगावचा एक मित्र घेणारच होता, मी अडवलं. त्याच्यासोबत एक कार्ड येतं, ते डेस्कटॉपच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसतं, लॅपटॉपमध्ये तो स्लॉटच नाही, विषय संपला. तसंच विंडोज मिक्स्ड रिॲलिटीचे हेडसेट, एचपीचा रिव्हर्ब जी२ वगैरे, स्वस्त मिळतात पण विंडोज ११ च्या २४एच२ पासून मायक्रोसॉफ्टने तो सपोर्टच काढून टाकलाय. मॅकबुक असेल तर क्वेस्टला कॉम्प्युटरशी जोडणारं मेटाचं क्वेस्ट लिंक त्यावर चालतच नाही, हे घ्यायच्या आधीच कळलेलं बरं.

हातापायांची हालचाल टिपणारे, अंगाला बांधायचे ट्रॅकर घेतले तर व्हाइव्हच्या नेहमीच्या प्रत्येक ट्रॅकरमागे एक डाँगल, म्हणजे यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर, लागतो. ते २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि यूएसबी ३ चे पोर्ट नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट करतात, इंटेलने २०१२ मध्येच यावर लिहून ठेवलंय. लॅपटॉपवर सगळे पोर्ट खेटून, शेजारी हार्ड डिस्क लावलेली असली की पायाचा ट्रॅकर मध्येच भलतीकडे उडतो. यूएसबी २ ची साधी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डाँगल लॅपटॉपपासून हातभर लांब टेबलावर ठेवा, फरक लगेच दिसेल. ब्लूटूथ इअरफोन मात्र नकोच, आवाज मागून येतो, त्यापेक्षा हेडसेटचेच स्पीकर वापरा.

सगळं नीट लावूनही हेडसेटला लॅपटॉप दिसतच नसेल तर दोघं एकाच राउटरवर आहेत ना, गेस्ट नेटवर्कवर तर नाहीत ना ते बघा. विंडोजमध्ये ते नेटवर्क पब्लिकवर असेल तर प्रायव्हेट करा. ऑफिसचा व्हीपीएन चालू असेल तर बंद करा. माझ्या मावसभावाचं फक्त त्या व्हीपीएनमुळे अडलं होतं, दोन रविवार गेले त्यात.