रोडने पाय दिले, नोकरी ट्रॅकने दिली

"ताई, पोरीला सायकलिंगमध्ये घालायचंय. कुठली सायकल घेऊ?" असा फोन महिन्यातून एकदा तरी येतोच. विचारणाऱ्या बापाच्या डोक्यात लाखभराची कार्बनची सायकल असते आणि त्यासाठी कर्ज काढायची तयारीही. मी सांगते, सहा महिने काही घेऊ नका. आहे त्या सायकलवर तिला रोज पहाटे बाहेर काढा. पावसाळ्यातही निघाली तर मग बोलू.

माझं गाव मिरजेजवळ. शाळा नऊ किलोमीटरवर, त्यामुळे सायकल ही हौस नव्हतीच. नववीत असताना शाळेच्या सरांनी जिल्ह्याच्या निवड चाचणीला नेलं. आप्पांनी एका जुन्या खेळाडूकडून वापरलेली रोडबाइक घेतली, माझ्या मापापेक्षा दोन सेंटीमीटर मोठी. त्या दोन सेंटीमीटरनी माझी कंबर दोन वर्षं दुखत राहिली. तेव्हा पहिला खर्च सायकलवर नाही, मापावर करा. जाणकाराकडून सीटची उंची आणि हँडलचं अंतर बसवून घ्या. भारी सायकल चुकीच्या मापाची असेल तर ती साध्या सायकलपेक्षा जास्त त्रास देते.

पहिली तीन वर्षं मी फक्त रोड, म्हणजे रस्त्यावरचं सायकलिंग केलं. आठवड्याला तीनशे किलोमीटर, रविवारी लांबची राइड, खिशात राजगिऱ्याचे लाडू आणि केळी. रोडवर आधी शिकायचं ते चाक पकडणं. पुढच्याच्या मागे वीतभर अंतरावर चिकटून राहिलं की वारा तो खातो आणि तुमची ताकद वाचते, ढोबळमानाने तीस टक्के तरी. हे वाचून कळत नाही. बंचमध्ये, म्हणजे सायकलींच्या घोळक्यात असताना पुढच्याच्या मागच्या चाकाकडे टक लावून बघायचं नसतं. त्याच्या खांद्यावरून पुढे बघायचं असतं. मला हे उमगलं ते गुडघे दोनदा फोडून घेतल्यावर.

मुंबई–पुणे शर्यतीबद्दल सगळेच विचारतात. खोपोलीपर्यंत बंच गप्पा मारत येतो आणि बोरघाट लागला की पाच मिनिटांत त्याच्या चिंध्या होतात. घाटाचा राजा हा किताब का मोठा, ते तिथे एकदा चढलं की विचारावं लागत नाही. आता तर पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवर २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही टप्प्यांची शर्यत झाली, यूसीआयच्या म्हणजे जागतिक सायकलिंग संघटनेच्या २.२ दर्जाची. आमच्या वेळी असलं काही दारात येईल असं वाटलं नव्हतं.

पण पोटापाण्याचा हिशोब वेगळा आहे आणि तो कोणी लवकर सांगत नाही. युरोपात संघ पगार देतो, महिलांच्या वर्ल्डटूर म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या संघांना तर २०२० पासून किमान वेतनाचं बंधन आहे. आपल्याकडे व्यावसायिक सायकलपटू म्हणजे बहुतेक वेळा रेल्वेत, सैन्यात किंवा निमलष्करी दलात नोकरीला असलेला खेळाडू. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. ते मिळतं पदकावर. आणि रोडवर राष्ट्रीय स्पर्धेत पदकांचे प्रकार मोजके: टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाशी शर्यत), मास स्टार्ट (सगळे एकदम सुटतात), फार तर सांघिक. ट्रॅकवर, म्हणजे सायकलसाठी बांधलेल्या गोल धावपट्टीवर मात्र स्प्रिंट, किरीन, टीम स्प्रिंट, परसूट, टाइम ट्रायल, स्क्रॅच, पॉइंट्स, एलिमिनेशन, मॅडिसन, ऑम्नियम अशी शर्यतींच्या प्रकारांची रांग लागते. मला हे गणित सतराव्या वर्षी एका सीनियर ताईने चहाच्या टपरीवर बोटांवर मोजून दाखवलं. पुढच्याच महिन्यात मी पुण्याला बालेवाडीच्या ट्रॅकवर गेले.

बालेवाडीचा ट्रॅक सिमेंटचा, उघड्यावरचा. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी ते संकुल उभं राहिलं. लांबून बघताना वळणं सौम्य वाटतात, खाली उभं राहून वर बघितलं की भिंत दिसते. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो आणि मागचं चाक फिक्स असतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. मला हे तोंडपाठ होतं. तरी तिसऱ्या फेरीत वळणावर भीती वाटली आणि पाय आपसूक थांबवले. पेडलने मागून लाथ घातल्यासारखं मला सीटवरून उचललं. तिथले प्रशिक्षक सर रेलिंगपाशी ओरडत होते, "पाय थांबवू नको! भीती वाटली तर जोरात मार!" उलटं वाटतं, पण खरं तेच आहे. तिरप्या वळणावर वेगच तुम्हाला धरून ठेवतो, वेग पडला की टायर घसरतो.

पहिल्या आठवड्यात रेषा शिकून घ्या. आतल्या कडेची निळी पट्टी शर्यतीत वापरायची नसते. काळी रेषा म्हणजे मापाची, फेरीची लांबी तिच्यावर मोजतात. लाल रेषा स्प्रिंटरची: शेवटच्या दोनशे मीटरमध्ये पुढचा खेळाडू तिच्या आत असेल तर तिथून बाहेर यायचं नाही आणि मागच्याने आतून घुसायचं नाही. सगळे डावीकडे वळत फिरतात, ओव्हरटेक उजवीकडून. वर चढण्याआधी उजव्या खांद्यावरून मागे बघायचं. ही एक सवय नसल्यामुळे मी एकदा एका मुलाला पाडलं. त्याची कॉलरबोन मोडली, मी फक्त सोलपटले. अजून भेटला की तो खांदा दाखवतो.

गिअरचं म्हणाल तर नवीन मुलं लगेच मोठा चेनरिंग, म्हणजे पुढची दात्यांची चकती मागतात. मला सरांनी वर्षभर ४९ गुणिले १४ वरच ठेवलं, पुढे ४९ दाते, मागे १४. पेडलच्या एका फेऱ्यात साधारण ७.३५ मीटर. मिनिटाला शंभर फेरे मारले तर ताशी ४४ किलोमीटर, एकशेवीस मारले तर ५३. तोवर मी रोडवर जड गिअर ओढत मिनिटाला ऐंशी फेऱ्यांवर चालायचे. ट्रॅकने माझा पेडल गोल केला आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी माझा रोडचा टाइम ट्रायलही सुधारला. म्हणून म्हणते, सोळा-सतराव्या वर्षी तरी ट्रॅकवर या, रोड न सोडता. स्प्रिंटर की एन्ड्युरन्स (दमाचा खेळाडू) हे पहिल्या वर्षी ठरवू नका. मी स्वतःला स्प्रिंटर समजायचे, पदकं आली ती परसूटमध्ये, म्हणजे दमाच्या शर्यतीत.

दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममधला २५० मीटरचा लाकडी ट्रॅक ही वेगळीच चीज. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी तो बांधला. पहिल्यांदा तिथे उतरले तेव्हा टायरचा आवाजच ऐकू येईना. अंदमानचा एसो अल्बेन तिथल्याच राष्ट्रीय अकादमीतला. २०१८ मध्ये त्याने ज्युनियर जागतिक स्पर्धेत किरीनचं रौप्य आणलं आणि पुढच्याच वर्षी आपल्या मुलांनी टीम स्प्रिंटचं सुवर्ण. आपल्या महाराष्ट्राची मयूरी लुटे २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत उतरली, ट्रॅकच्या शर्यती तेव्हा लंडनला झाल्या. आमच्या काळात मुलींची टाइम ट्रायल ५०० मीटरची होती, २०२५ पासून यूसीआयने महिलांचीही १ किलोमीटर केली. शेवटच्या फेरीत मांड्यांचं काय होतं ते नव्या पोरींनी मला सांगावं, मी त्यातून सुटले.

औषधांबाबत एकच सांगते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, स्पर्धेच्या काळात ते ठरावीक प्रमाणाच्या वर सापडलं तर डोपिंग धरतात. डॉक्टरांना आधीच सांगायचं की मी खेळाडू आहे. जिममध्ये कोणी दिलेली पावडर तर घ्यायचीच नाही.

आणि कागदपत्रं. माझ्या राष्ट्रीय पदकाच्या प्रमाणपत्रावर आडनावातलं एक अक्षर चुकलेलं. पदक गळ्यात असताना कोण वाचतंय! चार वर्षांनी नोकरीसाठी पडताळणीला दिलं तेव्हा ती फाइल सात महिने अडकली. आप्पा दर सोमवारी एसटीने चकरा मारायचे. प्रमाणपत्र हातात आलं की तिथल्या तिथे नाव, जन्मतारीख, प्रकार, क्रमांक वाचून घ्या आणि चूक असेल तर स्पर्धेचं ठिकाण सोडायच्या आधी दुरुस्त करून मागा. प्रवेशपत्रिकेची झेरॉक्ससुद्धा जपून ठेवा.

बालेवाडीला पहिल्यांदा येणार असाल तर पहाटे सहाला पोचा, नऊनंतर सिमेंट तापतं. हेल्मेट, मीटर असलेला पंप, पंधरा नंबरचा पाना, दोन लिटर पाणी एवढं पुरे. ट्रॅकची सायकल सुरुवातीला कोणाची तरी उसनी मिळते, विचारायला लाजू नका. मलाही तशीच मिळाली होती.