वय वंदना कार्ड काढताय? आधी आधार तपासा

ठाण्यात घरच्या आजी-आजोबांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सरकारच्या आयुष्मान भारत योजनेतलं ज्येष्ठांसाठीचं मोफत उपचारांचं कार्ड, काढायला उत्पन्नाची अट नाही. आधारवर वय 70 पूर्ण हवं. गाडं अडतं ते इथेच. जन्मतारीख चुकलेली असते, नाहीतर आधारला जोडलेला नंबर कधीच बंद झालेला, मग ओटीपी येणार कुठून? उतारवयात बोटांचे ठसे झिजतात, मशीन ते घेत नाही. तेव्हा चेहऱ्याची पडताळणी निवडा, खिडकीच्या उजेडात बसवून. आयुष्मान अ‍ॅपवर सगळं घरबसल्या होतं.

वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत, पण नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून. ओपीडी यात नाही. खासगी विमा असेल तर तो सोडायची अजिबात घाई नको, दोन्ही चालतात. भरती होण्याआधी रुग्णालय योजनेत आहे का, हे 14555 वर विचारा.