इजिप्तमधल्या लक्झरला निघताय? आधी राजांच्या नावांचा कागद करा

टोपी, पाणी, सनस्क्रीन, पायाला सवयीचे बूट. हे घरचेही सांगतील. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात लक्झरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा स्वस्त तिकीट दिसलं म्हणून जाऊ नका. शाकाहारी असाल तर कोशरी (भात-मसूर-पास्ता), ताअमिया (बाकल्याचे वडे) आणि फूल (शिजवलेला बाकला) आहेतच, खाकऱ्यांनी अर्धी बॅग भरायची गरज नाही.

आता मुद्द्याचं. राजांच्या नावांचा कागद. मागच्या खेपेला तो नेला नव्हता, आणि कर्नाकच्या देवळातली अख्खी सकाळ "काय कोरलंय!" एवढंच म्हणण्यात गेली. कोणी कोरलं, कोणाचं खोडून कोरलं, काही पत्ता नाही. म्हणून बाकी काही विसरा, हा कागद विसरू नका. फोनमध्ये फोटो आहे म्हणाल, तर दुपारच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि त्याच फोनने तुम्ही फोटो काढत असता. मोठ्या आकारात छापा, लॅमिनेट करा, खिशात ठेवा. बॅगेत नाही, खिशात.

त्यावर काय हवं? भिंतीवर लंबगोल चौकटी दिसतात, त्या कार्तूश. त्यांत राजाचं नाव. बहुतेकदा दोन जवळजवळ असतात. ज्याच्या आधी लव्हाळा आणि मधमाशी, ते राज्यावर आल्यावर घेतलेलं नाव. ज्याच्या आधी बदक आणि सूर्यबिंब, ते जन्मनाव. पाठ करायचं ते पहिलं. कारण जन्मनावं फिरून फिरून तीच: रामसेस 11 झाले, थुतमोस 4, आमेनहोतेप 4. राज्यनावाने नेमका माणूस सापडतो.

सूर्यबिंब, सोंगट्यांचा पट आणि भुंगा दिसला की मेन-खेपेर-रा, म्हणजे थुतमोस तिसरा. बिंब, पीस लावून बसलेली देवी मात आणि तोच पट: मेन-मात-रा, सेती पहिला. बिंब, मात आणि वर केलेले दोन हात: मात-का-रा, हत्शेप्सुत. बिंब, मात आणि टोपली: नेब-मात-रा, आमेनहोतेप तिसरा. इथे एक खोडी आहे. रामसेस सहाव्याने हेच नाव पुढे 'मेरी-आमून' जोडून घेतलं, त्यामुळे त्याच्या थडग्यात आमेनहोतेप दिसल्याचा भास होतो. तशीच गल्लत रामसेस दुसरा आणि तिसरा यांची. दोघेही वसेर-मात-रा, पुढे 'सेतेप-एन-रा' असेल तर दुसरा, 'मेरी-आमून' असेल तर तिसरा. दोन्ही नावं कागदावर शेजारी शेजारी छापा. सूर्यबिंब आधी लिहितात पण 'रा', म्हणजे सूर्यदेव, शेवटी वाचतात, देवाचा मान म्हणून. आणि दिशा: माणसांची, पक्ष्यांची तोंडं जिकडे वळलेली असतील, तिकडून वाचायला लागायचं. हे कागदाच्या डोक्यावर लिहून ठेवा, तिथे ऐनवेळी उलटंच आठवतं.

एवढं असलं की कर्नाकचा मोठा सभामंडप बोलायला लागतो. 134 खांब, मधले 12 सुमारे 21 मीटर उंच. उत्तरेकडचा भाग सेती पहिल्याचा, तिथलं कोरीवकाम उठावाचं. दक्षिणेकडे रामसेस दुसरा, तिथे आकृत्या दगडात आत खोदलेल्या. पुढे रामसेस चौथ्यानेही खांबांवर आपली नावं चढवली. लोकांचा घोळका मधल्या वाटेने जातो, तुम्ही कडेने फिरा. सकाळी लवकर जा, तिरप्या उन्हात कोरीव रेषांच्या सावल्या पडतात. दुपारी भिंत सपाट दिसते.

नाईलचा पश्चिम तीर. राजांच्या दरीत सकाळी सहाला पोचा. साध्या तिकिटात उघडी असतील त्यांतली तीन थडगी. सेती पहिला, तुतनखामून आणि रामसेस सहावा यांचं तिकीट वेगळं. तुतनखामूनचं थडगं लहान आहे, सोनं सगळं गिझाच्या नव्या संग्रहालयात गेलंय, ममी मात्र इथेच आहे. पैसे एकाच जागी घालायचे असतील तर सेतीच्या थडग्यात घाला. महाग आहे, कुरकुर करू नका, छताकडे बघा. थुतमोस तिसऱ्याचं उघडं असेल तर जिने चढायची तयारी ठेवा. त्याची दफनाची खोलीच कार्तूशच्या आकाराची आहे आणि भिंतींवरच्या आकृत्या पपायरसवर लेखणीने काढल्यासारख्या, काडीकाडीच्या.

तिकिटाला बऱ्याच ठिकाणी फक्त कार्ड चालतं. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात. निघण्याआधी ॲपमधून सुरू करा, खिडकीवर उभं राहून नाही. नोटा लागतात त्या रखवालदारांसाठी. ते हाताने खुणावतात, कोपऱ्यात नेतात, मग थांबतात. सुट्टे ठेवा. फ्लॅश बंद, भिंतीला हात नाही.

हत्शेप्सुतच्या देवळात कागद काढाच. तिची नावं आणि आकृत्या थुतमोस तिसऱ्याच्या काळात छिन्नीने खरवडल्यात. मात-का-रा माहीत नसेल तर तो नुसता खराब झालेला दगड वाटतो. 'मेदिनेत हाबू' या देवळात रामसेस तिसऱ्याने नावं इतकी खोल खोदून घेतली की पुढच्याला खोडता येऊ नयेत. खोडणारे काय करतात ते त्याला चांगलं ठाऊक होतं. वेळ उरला तर दैर अल-मदिना: थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं गाव, त्यांतल्याच सेन्नेजेमच्या थडग्याची इवलीशी रंगीत खोली. गर्दी दरीपेक्षा कमी.

अबायडोस आणि देंदेरा इथली देवळं एका दिवसात होतात, गाडी आदल्या दिवशी ठरवा. अबायडोसला सेतीच्या देवळात राजांची यादीच कोरलेली आहे, 76 नावं. कागद घेऊन शोधा: हत्शेप्सुत नाही, अखेनातेन नाही, तुतनखामून नाही. त्यांना गाळलंय. हे कागदाशिवाय कसं दिसणार? नसलेली नावं शोधायला असलेली ओळखता यायला हवीत. देंदेऱ्यात मात्र उलटं, तिथे कितीतरी कार्तूश रिकामेच आहेत. टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांचा काळ, राज्य कोणाचं याचाच भरवसा नव्हता. छतावरचं मूळ राशिचक्र पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, इथे प्रतिकृती.

एदफू, कोम ओम्बोची देवळं: बहुतेक नावं टॉलेमींची, लांबलचक. त्यातला सिंह 'ल' हे ध्यानात ठेवा, पुष्कळ झालं. फिलेचं देऊळ बेटावर आहे: होडीचा भाव आधी ठरवा, इसवी सन 394चा, तारीख असलेला शेवटचा चित्रलिपी लेख इथे आहे. अबू सिंबेल: गाडी पहाटे निघते, स्वेटर घ्या, नाश्ता बांधून मागा. तिथल्या देवळाच्या गाभाऱ्यात सूर्यकिरण पोचतात ते 22 फेब्रुवारी आणि 22 ऑक्टोबरला, आणि त्या दिवशी तुफान गर्दी असते. दुसरा कुठलाही दिवस धरा.