डेस्कटॉप आणि लॅपटॉपवरील फाइली जुळत्या ठेवताना

दोन संगणकांवर काम करणाऱ्याने संपूर्ण डिस्क जुळती ठेवण्याच्या फंदात न पडता रोजच्या कामाचा एकच फोल्डर निवडावा. फाइली तिसऱ्याच्या सर्व्हरवर साठवायच्या नसतील, तर सिंकथिंग हा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्राम माझ्या मते सर्वांत सोयीचा आहे. तो दोन्हीकडे इन्स्टॉल करावा, एका संगणकाचा डिव्हाइस आयडी दुसऱ्यावर नोंदवावा आणि समोर आलेली विनंती मान्य करून फोल्डर शेअर करावा.

दोन्ही यंत्रे एकाच वेळी चालू आणि नेटवर्कवर असल्याशिवाय बदल पोहोचत नाहीत, त्यामुळे लॅपटॉप मिटण्यापूर्वी जुळणी पूर्ण झाल्याची खात्री करून घ्यावी. तसे न करता एकच फाइल दोन्हीकडे बदलली, तर प्रोग्राम दोन्ही मजकूर एकत्र करीत नाही. ज्या प्रतीतील बदल आधीचा, तिच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ हे शब्द, तारीख आणि वेळ घालून तो ती बाजूला ठेवतो. मग दोन्ही प्रती उघडून ओळीओळीने ताडून पाहण्याचे (कंटाळवाणे) काम आपल्यालाच करावे लागते.

जुळणी म्हणजे बॅकअप नव्हे, कारण एकीकडे पुसलेली फाइल दुसरीकडूनही जाते. यासाठी फोल्डरच्या सेटिंगमध्ये ‘फाइल व्हर्जनिंग’ सुरू करावे. समोरच्या यंत्राकडून आलेल्या बदलापूर्वीचीच प्रत ते जपते, म्हणून ते दोन्हीकडे सुरू हवे. चालू डेटाबेस किंवा ईमेल प्रोग्रामच्या फाइली मात्र या फोल्डरमध्ये ठेवू नयेत. अर्धवट लिहिलेली अवस्था पलीकडे गेल्यास त्या बिघडू शकतात.