कॉलेजात प्रतिनिधी झालात? आधी आवक क्रमांक घ्या

आमच्या वेळी कॉलेजचा युआर, म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी, जीपमध्ये ठरायचा. २००६ ची गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बी.ए. दुसऱ्या वर्षाला होतो. पहिल्या वर्षी वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले म्हणून सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, झालो. अर्ज केला नव्हता, कोणी मत दिलं नव्हतं. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात रीतच तशी होती: गेल्या परीक्षेत पहिला आलेला वर्गाचा प्रतिनिधी, खेळ, एनएसएस, एनसीसी आणि सांस्कृतिकमधून एकेक, दोन मुली प्राचार्यांनी घ्यायच्या. या सगळ्यांनी आपल्यातूनच सचिव निवडायचा, तो युआर. म्हणजे हजारभर पोरांच्या कॉलेजात मतं दहा-बारा. आणि दहा-बारा पोरं एका जीपमध्ये मावतात.

मतदानाच्या तीन दिवस आधी रात्री आमच्या दारात जीप थांबली. बाबा दिवसभर डवरून आले होते, हातपाय धूत होते. "कुठं नेता गा पोट्ट्याले?" त्यांनी विचारलं. "काही नाही काका, चिखलदऱ्याले. फिरून येतो." मी गेलो. भीमकुंड पाहिलं, देवी पॉइंट पाहिला, कोंबडी खाल्ली. घरी फोन करायला एसटीडीवर जाऊ दिलं नाही, कारण समोरच्या गटाला पत्ता लागेल. तिसऱ्या दिवशी जीपमधून थेट मतदानाच्या खोलीत. ज्याच्या जीपमध्ये होतो त्याच्या नावापुढे खूण केली आणि बाहेर आलो.

त्याच तीन दिवसांत शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायची मुदत संपली. माझ्या वर्गातल्या चौघांचे फॉर्म उत्पन्नाच्या दाखल्यासाठी परत आले होते आणि ते सांगायचं काम सीआरचं होतं. त्यातला एक पुढच्या वर्षी कॉलेजात दिसलाच नाही. ही गोष्ट मला आजही टोचते, म्हणून हे लिहितो आहे.

आता तुम्ही प्रतिनिधी झाला असाल किंवा व्हायचं मनात असेल, तर पहिलं काम म्हणजे नियम स्वतः वाचा. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम ९९ विद्यार्थी परिषदेचं आहे आणि त्यात खुल्या निवडणुकीची तरतूद आहे. विद्यार्थी निवडणुकांबद्दलच्या लिंगडोह समितीच्या शिफारशीही वाचा, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्या लागू केल्या. खर्चाची मर्यादा उमेदवारामागे ५,००० रुपये, हजेरी किमान ७५ टक्के, पदवीच्या मुलांसाठी वय १७ ते २२, छापील पोस्टर चालत नाही, हाताने लिहिलेलंच. तुमच्या फोटोचा फ्लेक्स कोणी भाऊ स्वतःच्या खर्चाने चौकात लावून देतो म्हणाला, तर हात जोडून नाही म्हणा. त्या फ्लेक्सवर वर त्याचा फोटो असतो, खाली तुमचा, आणि वर्षभर तुम्ही त्याच्याच मागे फिरता. जीप आली तर घरात आईला सांगून ठेवा, पोरगा शेतात गेला म्हणा.

दुसरं काम बसस्टँडवर. खेड्यातल्या कॉलेजचा खरा प्रश्न तिथे उभा असतो. आमच्या वेळी भूगोलाचं आणि सायन्सवाल्यांचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटायचं आणि आमच्या रस्त्याची शेवटची बस सव्वापाचला. मुली प्रॅक्टिकल अर्ध्यात सोडून पळायच्या. तीन वर्षं प्रत्येक गटाने या बसवर भाषण केलं होतं, एकदा रस्ताही अडवला होता. अर्ज मात्र कोणीच दिला नव्हता. आगारात विचारलं तर साहेब म्हणाले, "त्या टायमाले प्रवासीच भेटत नाहीत, गाडी कशी सोडू?"

चिखलदऱ्याहून आल्यावर मी आणि वर्गातली एक मुलगी, आम्ही सोमवार ते शनिवार स्टँडवर दोनशे पानी वही घेऊन उभे राहिलो. नाव, वर्ग, गाव, उतरायचा फाटा, पासचा नंबर. शेवटी ७४ नावं झाली, त्यात ३१ मुली. विद्यार्थ्याला पाससाठी भाड्याचा साधारण तिसरा हिस्सा भरावा लागतो, म्हणजे हे ७४ जण महिन्याचे पैसे आधीच भरून बसलेले प्रवासी. हेच अर्जात लिहिलं. सोबत यादी, प्रॅक्टिकलचं वेळापत्रक आणि प्राचार्यांचं पत्र. घोषणा एकही नाही.

अर्ज देण्याची रीत नीट समजून घ्या, सगळं त्यावर आहे. एका अर्जात एकच विषय. ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्याच नावाने. दोन प्रती. साहेबांच्या हातात देऊन घरी येऊ नका. साहेब "करतो" म्हणतात, कागद काचेखाली जातो आणि बदलीबरोबर संपतो. आवक-जावकच्या टेबलावर जा. तिथला बाबू रजिस्टर ओढतो, तारीख फिरवून निळा शिक्का मारतो आणि शिक्क्यातल्या मोकळ्या जागेत पेनाने आकडा घालतो. तो आकडा म्हणजे आवक क्रमांक, तो तुमच्या प्रतीवरही आलाच पाहिजे. "लंच झाल्यावर या" म्हणाले तर तिथेच बाकावर बसा.

पंधरा दिवसांनी तोच आवक क्रमांक लिहून स्मरणपत्र. तरीही हालचाल नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, विषय एक, मजकूर १५० शब्दांत, उत्तर ३० दिवसांत. विचारायचं एवढंच, "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, कागदाच्या प्रती द्याव्या." कारण विचारलं तर सांगायची गरज नाही, कायद्यातच तसं आहे. आम्हाला स्मरणपत्रावरच गाडी मिळाली. पावणेसहाची.

शिष्यवृत्तीचं आता सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर असतं. मी गावात सेवा केंद्र चालवतो, रोज पोरं येतात: "दादा, पैसे काऊन नाही आले?" बरेचदा फॉर्म कॉलेजच्या लॉगिनला अडकलेला असतो नाहीतर खातं आधारला जोडलेलं नसतं. प्रतिनिधीने दर सोमवारी कॉलेज ऑफिसातल्या बडे बाबूंकडून अडकलेल्या फॉर्मची यादी मागावी आणि वर्गात वाचून दाखवावी. जातीचं किंवा उत्पन्नाचं कोणाचं काय आहे ते मोठ्याने वाचू नका, फक्त नाव आणि "ऑफिसात भेट". माझ्या मते प्रतिनिधीचं याहून मोठं काम नाही. गॅदरिंगचा पाहुणा कोण, हार किती फुटांचा, यावर महिना घालवणारे खूप पाहिले.

आणि फाइल ठेवा. साधी पुठ्ठ्याची, दोरीची. प्रत्येक अर्जाची शिक्का असलेली प्रत तिच्यात. तिसरं वर्ष संपलं की ही फाइल घरी जाते, माळ्यावर पडते, आणि नवा प्रतिनिधी तोच बसचा प्रश्न पहिल्यापासून सुरू करतो. माझी फाइल तशीच गेली. दोन वर्षांनी ती पावणेसहाची गाडी बंद झाली तेव्हा कॉलेजात कोणाकडेच यादी नव्हती, आगाराला दाखवायला आवक क्रमांकही नव्हता. म्हणून जाण्याआधी फाइलमधल्या कागदांची यादी करा, दोन प्रतीत. एक पुढच्याच्या हातात द्या आणि दुसरीवर त्याची सही घ्या, तारखेसकट.