बी उगवत नाही? आधी या चुका टाळा

पेरलेलं उगवलं नाही की बोल लागतो बियाण्याला, नाहीतर मातीला. बियाणं खरोखर मेलेलं असू शकतं, नाही असं नाही. पण बरंचसं नुकसान होतं ते बी आपल्या हातात आल्यावर: साठवताना, भिजवताना, पुरताना. डब्यात पडलेली कोरडी, कडक बी जिवंत आहे हेच आपण विसरतो. आतलं रोप तयार असतं, फक्त त्याचा कारभार जवळजवळ थांबलेला असतो. पाणी, हवा, ऊब आणि कधीकधी उजेड यांचा अंदाज घेऊन उगवायचं की थांबायचं, हे ती बीच ठरवते.

घेवड्याची एक बी रात्रभर भिजवून सकाळी हातात घ्या. किंचित दाबली की नाभीशेजारच्या (बी शेंगेला जिथे जोडलेली असते त्या खुणेशेजारच्या) बारीक छिद्रातून पाण्याचा थेंब बाहेर येतो. साल काढून दोन्ही दलं अलगद उघडा. कडेला चिकटलेलं रोप दिसेल: एका टोकाला टोकदार मूळ, दुसऱ्या टोकाला घडी घातलेली दोन फिकट पानं. नीट पाहिलं तर त्या पानांवरच्या शिराही दिसतात. ती दोन जाड दलं म्हणजे या रोपाची शिदोरी. भात, गहू, मका यांत ही शिदोरी भ्रूणपोषात, म्हणजे दाण्याच्या पिठूळ भागात असते, आणि जगभरातल्या माणसांच्या पोटात जाणाऱ्या उष्मांकांपैकी निम्म्याच्या आसपास याच तृणधान्यांतून येतात. रोपासाठी साठवलेल्या अन्नावर आपण जगतो, म्हणून बीकडे लक्ष देणं हा नुसता बागेच्या हौसेचा विषय नाही.

उकरून पाहा, मग ठरवा

उगवायचे दिवस उलटून गेले की कुंडीत आणखी पाणी ओतू नका. दोन-तीन बिया उकरून काढा. बी पेरली तशीच टणक आणि कोरडी निघाली, तर पाणी आतच गेलेलं नाही. फुगलेली पण घट्ट असेल, तर ती बहुधा जिवंत आहे आणि कशाची तरी वाट पाहते आहे. मऊ पडून बोटाखाली पिचकत असेल, दुर्गंधी येत असेल, तर ती कुजली. मोड आला पण वर आला नाही, तर खोली जास्त झाली किंवा मातीवर पापुद्रा धरला. आणि बी सापडलीच नाही, तर मुंग्या, उंदीर किंवा पक्षी.

या पाच उत्तरांवर पुढचा सगळा उपाय अवलंबून आहे. ते न पाहता दुसऱ्यांदा पेरलं की तीच चूक दुसऱ्यांदा होते.

भिजवण्यातल्या चुका

बी फुगली म्हणजे ती जिवंत आहे, असं समजू नका. पाणी शोषून फुगणं ही निव्वळ भौतिक क्रिया आहे. मेलेली बीसुद्धा तितकीच फुगते. जिवंत बीच्या बाबतीत पुढचा टप्पा महत्त्वाचा: काही तासांत तिचा श्वास जोरात सुरू होतो आणि तिला भरपूर प्राणवायू लागतो. नेमक्या याच वेळी आपण तिला दोन-दोन दिवस वाटीभर पाण्यात बुडवून ठेवतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लवकर संपतो, बी आंबण्याच्या मार्गाला लागते आणि गुदमरते. मोठ्या बियांना आठ ते बारा तास पुरतात. बारीक बिया भिजवायची गरजच नसते. मातीलाही हेच लागू: वाफसा हवा, चिखल नको.

अगदी कोरडी बी थंडगार पाण्यात टाकणं हीसुद्धा चूक. घेवडा, सोयाबीन, मका, कापूस यांच्या बियांमधली पेशींची आवरणं पहिल्या काही मिनिटांत अजून नीट जुळलेली नसतात. त्या वेळी थंड पाणी झपाट्याने आत शिरलं की आतली साखर आणि क्षार बाहेर झिरपतात, पेशी मरतात, आणि त्या झिरपलेल्या साखरेवर बुरशी आयतीच पोसली जाते. पाणी साधं, खोलीच्या तापमानाचं असावं.

याहून मोठा घात एक आहे आणि तो फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मूळ बाहेर येईपर्यंत बी भिजून पुन्हा वाळली तरी बहुतेकदा वाचते. मूळ बाहेर पडलं की वाळणं सोसण्याची तिची ताकद संपते. पेरल्यावर तीन दिवस ओल ठेवली आणि चौथ्या दिवशी वरचा थर खडखडीत वाळू दिला, तर मोड आलेली सगळी बी गेली. उकरून पाहिल्यावर सुकलेलं तपकिरी मूळ दिसतं ते या प्रकरणातलं.

खोली, उजेड आणि ऊब

बीच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल, हा ठोकताळा बहुतेक ठिकाणी चालतो. बारीक बीकडे अन्न थोडं असतं आणि उजेडात पोचायच्या आत ते संपलं तर रोप मातीतच मरतं. पण अगदी वर पेरण्याचाही तोटा आहे: मातीची घासणी न मिळाल्याने साल दलांवर टोपीसारखी अडकून राहते. ती ओढून काढू नका, दलं तुटतात. पाण्याचा फवारा मारून साल मऊ करा, ती आपोआप सुटते.

काही बिया मुळीच झाकायच्या नसतात. लेट्यूस हे त्याचं गाजलेलं उदाहरण. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिल इथल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की लाल प्रकाशाने लेट्यूसची बी उगवते, आणि त्याच्यामागून थोड्या लांब लहरींचा अतिलाल प्रकाश दिला की थांबते. आलटून पालटून कितीही वेळा दिला तरी शेवटी कोणता दिला यावर निकाल लागतो. हे ओळखणारं रंगद्रव्य म्हणजे फायटोक्रोम. मला यातली सोय फार विलक्षण वाटते. हिरवी पानं लाल प्रकाश शोषतात आणि अतिलाल खाली सोडतात, म्हणजे डोक्यावर दुसऱ्या झाडाची सावली आहे की मोकळं आकाश, हे बीला मातीतून बाहेर न येताच कळतं. शेत नांगरलं की तण का उसळतं, याचंही मोठं कारण हेच. खाली गाडलेल्या बियांना क्षणभर उजेड मिळतो, तेवढा पुरतो.

तापमानाचं थोडक्यात: मिरचीला २५ ते ३० अंश सेल्सिअस ऊब लागते, थंडीत ती आठवडेच्या आठवडे पडून राहते. लेट्यूस आणि पालक मात्र ३० अंशांच्या वर अडून बसतात. बी फुगलेली, घट्ट आणि स्वस्थ दिसत असेल तर आधी तापमानच तपासा.

सुप्तावस्थेला रोग समजू नका

सगळं अनुकूल असूनही बी उगवत नाही, तेव्हा ती बहुधा सुप्तावस्थेत असते. हा बीचा दोष नाही, तिची सुरक्षा आहे. एका झाडाच्या सगळ्या बिया पहिल्याच सरीला उगवल्या आणि नंतर पाऊस गेला, तर तो वंश तिथेच संपेल. म्हणून रानटी झाडांच्या बिया वेगवेगळ्या वेळी, कधी वेगवेगळ्या वर्षी जाग्या होतात. विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये मिशिगनमध्ये वाळूत मिसळलेल्या बियांच्या २० बाटल्या पुरून ठेवल्या. त्यातली एक २०२१ मध्ये काढली आणि १४२ वर्षांनंतरही व्हर्बॅस्कम या तणाच्या काही बिया उगवल्या. पिकांमधली सुप्तावस्था माणसाने हजारो वर्षांच्या निवडीतून कमी केली, म्हणून गहू एकसारखा उगवतो. त्याची किंमतही मोजावी लागते: कापणीच्या तोंडावर पाऊस आला तर उभ्या पिकातच दाण्यांना मोड फुटतात.

गोकर्ण, गुलमोहर, बाभूळ यांच्या बियांचं कवच पाणीच आत घेत नाही. इथे चूक होते ती उकळत्या पाण्यात बी शिजवण्याची. पाणी उकळून गॅस बंद करा, मग बी टाका आणि पाणी आपोआप निवू द्या. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे सँडपेपरने कवच एका जागी घासणं, नाभीच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे रोपाला इजा होत नाही. आतला पांढुरका भाग दिसू लागला की थांबा.

दुसऱ्या प्रकारात कुलूप आतून असतं. ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक उगवण रोखून धरतं, जिबरेलिन हे दुसरं संप्रेरक तिला चालना देतं, आणि दोघांचं पारडं फिरेपर्यंत बी हलत नाही. सफरचंदाच्या बीला त्यासाठी ३ ते ५ अंशांत दोन-तीन महिने लागतात. लोक कोरडी बी पुडीत घालून फ्रिजमध्ये ठेवतात आणि मग उगवत नाही म्हणून हताश होतात. कोरड्या बीला थंडी कळतच नाही. ती ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये मिसळूनच ठेवायला हवी. काही बियांना याच्या उलट, काही महिने नुसतं कोरडं पडून राहणं लागतं, म्हणून ताजी बी उगवत नाही आणि जुनी उगवते. वणव्यानंतर उगवणाऱ्या झाडांच्या बियांना धूर जागं करतो. धुरातल्या त्या संयुगाची ओळख २००४ मध्ये पटली.

टोमॅटोच्या बीभोवतीचा बुळबुळीत गर हाही उगवण रोखणाराच. फळ पिकलं तरी आत मोड येऊ नयेत, म्हणून तो असतो. बी काढताना गर दोन-तीन दिवस आंबू द्या, मग चोळून धुवा आणि वाळवा.

साठवण: इथे सगळ्यात जास्त बी मरते

बीचं आयुष्य दोन गोष्टी खातात, ओल आणि उष्णता. बियाणे-शास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ठोकताळा लक्षात ठेवण्यासारखा आहे: बीमधली ओल १ टक्क्याने कमी केली की आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. दोन्हीतली ओल जास्त घातक. कागदी पाकीट फ्रिजमध्ये ठेवलं तर बी थंड राहते पण ओल ओढत राहते, म्हणजे अर्धं काम फुकट गेलं. हवाबंद बरणी आणि आत सिलिका जेल, मग फ्रिज. बरणी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतलं बाष्प थंड बियांवर दव होऊन बसतं.

वाळवण्याची घाईही नको. कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर किंवा ओव्हनमध्ये वाळवलेली ओली बी आतून भाजते आणि बाहेरून धडधाकट दिसते. सावलीत, वाऱ्यावर, पातळ थरात वाळवा.

हेच शास्त्र मोठ्या प्रमाणावर पाळलं की स्वालबार्ड उभं राहतं. नॉर्वेच्या त्या बेटसमूहात डोंगराच्या पोटात २००८ पासून जगभरच्या बियाणे बँकांचे जादा संच उणे १८ अंशांत ठेवले जातात. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळचा इकार्डा या शेती संशोधन संस्थेचा बियाणे संग्रह हाताबाहेर गेला, तेव्हा २०१५ मध्ये त्या संस्थेने स्वालबार्डमधून आपली बी परत मागवली आणि लेबनॉन व मोरोक्कोत ती पुन्हा वाढवली. त्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या महायुद्धातल्या लेनिनग्राडच्या वेढ्यात, रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव यांच्या बियाणे संस्थेतली माणसं धान्याच्या पोत्यांची राखण करत भुकेने मेली. त्यांनी ते बियाणं खाल्लं नाही. वाव्हिलोव स्वतः १९४३ मध्ये तुरुंगात वारले. चार वर्षं जुन्या पाकिटातली बी सहज केरात टाकताना हे आठवलं तर हात थोडा थबकतो.

पण सगळ्या बिया वाळवून ठेवता येत नाहीत. आंबा, फणस, लिची, कोको, रबर यांची बी वाळली की मेली. तिला ओलावा सोडवतच नाही, आणि गोठवलं तर आतलं पाणी बर्फ होऊन पेशी फाडतं. असल्या झाडांचे वाण बियाणे बँकेत ठेवता येत नाहीत. ते बागांमध्ये उभी झाडं म्हणून, किंवा नुसता भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांत ठेवून जपावे लागतात. घरी नियम सोपा: फणसाची बी फळातून काढली की धुऊन त्याच आठवड्यात लावा.

जुनी बी टाकण्याआधी तपासा. निदान २० ते ५० बिया ओल्या कागदात गुंडाळून उबेत ठेवा आणि मोड मोजा. मूळ नसलेला, वाकडातिकडा मोड आला तर तो धरू नका. ७० टक्केच उगवल्या तर त्या मानाने जास्त पेरा. मात्र कागदावर उगवली म्हणजे शेतात उगवेलच असं नाही. मोड रेंगाळत, मागेपुढे येत असतील तर बी म्हातारी झाली आहे. तिला मऊ, उबदार मातीतच संधी द्या.

उगवून कोलमडणारी रोपं

रोप वर येतं आणि दोन दिवसांत बुडाशी बारीक होऊन आडवं पडतं. ही पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशीवर्गीय सूक्ष्मजीवांची रोपमर. दाट पेरणी, सतत ओली माती आणि कोंदट हवा ही तिची कारणं. एकदा आडवं पडलेलं रोप वाचत नाही, बाकीच्यांचं पाणी तोडा आणि हवा खेळू द्या.

घरची बी धरताना

संकरित वाणाच्या फळातली बी पेरली तर उगवेल, पण पुढच्या पिढीत गुण फुटतात: एक झाड उंच, एक खुजं, फळं वेगवेगळी. बी धरायची तर सरळ वाणाची धरा. काकडी आणि वांगं खाण्याजोगं असतं तेव्हा त्यातली बी कच्ची असते. फळ पिवळं पडून जून होईपर्यंत वेलीवर, झाडावर राहू द्या. टोमॅटो, वाटाणा, घेवडा बहुतेक स्वतःच्याच परागांवर भागवतात, त्यामुळे सुरुवात त्यांच्यापासून करणं बरं. भोपळ्याच्या जवळ दुसऱ्या जातीचा भोपळा असेल तर मधमाश्या दोघांचे पराग एकत्र करणारच; हवा तो वाण राखायचा असेल तर मादी फूल उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी बांधून ठेवा आणि सकाळी त्याच वाणाच्या नर फुलाचे पराग स्वतः लावा. आणि मक्याची बी एकाच कणसातून कधी धरू नका. वाऱ्यावर परागण होणारं हे पीक जवळच्या नात्यात वाढलं की काही पिढ्यांतच खुजं आणि दुबळं होतं. जमतील तितक्या जास्त झाडांवरून थोडी थोडी बी घ्या, एकत्र मिसळा, आणि बरणीवर वाणाचं नाव व वर्ष लिहून ठेवा.