दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय कसे पाहावे

दिल्लीत चाणक्यपुरी येथे १९७७ साली सुरू झालेले राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय हे मुख्यतः उघड्या मैदानावरचे उद्यान असल्यामुळे तेथे हिवाळ्यात आणि सकाळी लवकर जावे. सोमवारी ते बंद असते. मुले छोट्या आगगाडीसाठी हट्ट धरतील. तो आधीच पुरवावा, कारण ती गाडी परिसराला वळसा घालते आणि कोणते इंजिन कोठे उभे आहे हे बसल्याबसल्या कळते. तिचे तिकीट वेगळे काढावे लागते.

त्यानंतर नावांच्या पाट्यांआधी चाके आणि दोन रुळांमधले अंतर पाहावे. १६७६ मिलिमीटरचा रुंद, १००० मिलिमीटरचा मीटर आणि त्याहून अरुंद मार्ग हे डोळ्यांना ओळखता येऊ लागले, की प्रत्येक इंजिन कोणत्या कामासाठी घडवले गेले याचा निम्मा उलगडा होतो.

मराठी पाहुण्याने 'सर लेस्ली विल्सन' या विद्युत इंजिनापाशी अधिक वेळ थांबावे. मुंबई प्रांताच्या गव्हर्नराचे नाव मिळालेले हे इंजिन ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे असून बोरघाटात मालगाड्या ओढणाऱ्या या जातीला रेल्वेतील लोक 'खेकडा' म्हणत. त्याचा सांगाडा तीन भागांत का जोडलेला आहे, हे बाजूने वाकून पाहिल्याशिवाय समजत नाही: घाटातल्या वळणांवर एकसंध लांब सांगाडा अडला असता. चाकांना जोडणारे आडवे दांडेही नीट पाहावेत, कारण विजेच्या इंजिनावर ते असतील अशी आपली अपेक्षा नसते.

माथेरानच्या इंजिनाने हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला आहे. दोन फुटी रुळांवरच्या तीव्र वळणांसाठी त्याच्या टोकाच्या चाकांना बाजूला सरकण्याची मोकळीक दिलेली होती. तेथून थेट बंगाल-नागपूर रेल्वेच्या अवाढव्य गॅरेट इंजिनापाशी, म्हणजे मध्ये बॉयलर आणि दोन्ही टोकांना चाकांचे वेगळे संच असलेल्या वाफेच्या इंजिनापाशी, जावे. दोनशे टनांहून अधिक वजनाचे ते धूड पाहताना माथेरानचे इंजिन खेळण्यासारखे वाटू लागते.

पटियाला संस्थानची एकरुळी गाडी मात्र अजिबात चुकवू नये. तिचा बहुतेक भार जमिनीलगतच्या एका रुळावर असतो आणि तोल सांभाळणारे मोठे चाक बाजूच्या रस्त्यावरून धावते. हे चाक ज्या बाजूला आहे तेथूनच छायाचित्र घ्यावे. दुसऱ्या बाजूने ती साधीच आगगाडी दिसते.